शब्द आणि त्याचे साक्षीदार

निवडणूक जवळ आली म्हणजे हल्लीं मतदाराच्या दारावर थाप पडण्यापूर्वींच त्याच्या खिशांतील मोबाइल वाजूं लागतो. उमेदवाराचा नमस्कार, त्याचें छायाचित्र, अर्ध्या मिनिटाचें भाषण आणि पांच-दहा आश्वासनें एका लहानशा पडद्यावर येऊन उभीं राहतात. फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि पूर्वीं ट्विटर या नांवानें ओळखलें जाणारें एक्स, या साधनांस आपण समाजमाध्यमें म्हणतों. त्यांच्या योगानें पुढारी व मतदार यांच्यामधील अंतर नाहींसें झालें, असें पुष्कळांचें म्हणणें आहे. त्यांच्यामुळेंच राजकारण नासलें, असें म्हणणारेही तितकेच आढळतात. या दोन्ही मतांचा निवाडा करण्याआधीं थोडें मागें वळून पाहणें उपयुक्त ठरेल. मतदारास थेट गांठण्याची इच्छा आजची नव्हे. आगगाडी, तारायंत्र, नभोवाणी, दूरचित्रवाणी या प्रत्येक साधनाच्या उदयकाळीं ती नव्यानें प्रकट झालेली आहे. हा इतिहास पाहतांना आपण दोन प्रश्न डोळ्यांपुढें ठेवूं. पुढाऱ्याचा शब्द मतदाराकडे कोण वाहून नेत होतें? आणि तो शब्द ऐकतांना मतदाराच्या शेजारीं आणखी कोण बसलेलें होतें? दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं; परंतु माझ्या समजुतीनें सगळें मर्म त्यांतच आहे.

प्रथम ब्रिटनकडे पाहूं. १८६७ च्या कायद्यानें तेथें मताधिकार बराच विस्तारला आणि शहरांतील कामकरी वर्गास प्रथमच मोठ्या प्रमाणावर मत मिळालें. १८७९ च्या नोव्हेंबरांत ग्लॅडस्टनसारखा वयोवृद्ध मुत्सद्दी स्कॉटलंडांतील मिडलोथियन मतदारसंघांत उभा राहिला आणि ठिकठिकाणीं सभा घेत फिरूं लागला. इतक्या योग्यतेच्या पुरुषानें सामान्यांच्या गर्दींत जाऊन असें बोलावें, हें राणी व्हिक्टोरियासह अनेक प्रतिष्ठितांस रुचलें नाहीं. परंतु ग्लॅडस्टन समोरच्या हजारों लोकांशींच केवळ बोलत नव्हता. त्याचें भाषण तारेनें वर्तमानपत्रांकडे जाई व दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें देशभर वाचलें जाई. एडिंबरोस उच्चारलेला शब्द लंडनमधील त्याच्या प्रतिपक्षाच्या टेबलावर पडे. बोलणाऱ्यास तो मागें घेतां येत नसे आणि विरोधकास त्याचें उत्तर देतां येई. १८८० सालीं ग्लॅडस्टनचा पक्ष विजयी झाला व तो दुसऱ्यांदा मुख्य प्रधान झाला.

अमेरिकेंत १८९६ सालीं हाच खेळ दोन निराळ्या रीतींनीं खेळला गेला. विल्यम जेनिंग्ज ब्रायन यानें आगगाडीनें सुमारें १८,००० मैल प्रवास करून जवळजवळ ६०० भाषणें केलीं. त्याचा प्रतिस्पर्धी मॅकिन्ली हा कॅंटन गांवीं आपल्या घराच्या ओसरीवर बसून राहिला आणि त्याच्या पक्षानें लाखों माणसें आगगाड्यांनीं त्याच्या दाराशीं आणलीं. फिरणारा हरला, बसणारा जिंकला. पण दोघांचीही भाषणें चारचौघांच्या देखत झालीं आणि बातमीदारांच्या टिपणवहींत उतरलीं, ही गोष्ट दोहोंस समान होती.

आपल्याकडे त्या काळीं मताधिकार नाममात्र होता; तरी लोकमताशीं बोलण्याची गरज पुढाऱ्यांस वाटूं लागली होती. १८८१ सालीं पुण्यास ‘केसरी’ निघाला. साक्षरता अत्यल्प असल्यामुळें पत्र एकानें वाचावें व दहांनीं ऐकावें, असा प्रघात पडला. ऐकतां ऐकतां शंका निघत, वाद होत, कोणी मान डोलावी, कोणी नाक मुरडी. शिवाय त्या शब्दामागें एक नांव, एक पत्ता व एक छापखाना होता. ‘केसरी’तील लेखांवरून लोकमान्य टिळकांस १८९७ व १९०८ सालीं राजद्रोहाची शिक्षा झाली, आणि दुसऱ्या वेळीं सहा वर्षें मंडालेस काढावीं लागलीं. ती शिक्षा अन्यायाची होती. परंतु लिहिणाऱ्यानें आपला शब्द नाकारला नाहीं, आणि तो कोणाचा याविषयीं वाचणाऱ्याच्या मनांतही संदेह नव्हता. शब्दास धनी होता.

यानंतर नभोवाणी आली. १९२० च्या २ नोव्हेंबरास अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथील केंद्रानें अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल हवेंतून ऐकविले. पुढें तेरा वर्षांनीं, १२ मार्च १९३३ रोजीं, अध्यक्ष रूझवेल्ट यानें लोकांशीं पहिलें प्रसिद्ध कौटुंबिक भाषण केलें. देशांतील बँका बंद पडल्या होत्या आणि लोक घाबरून ठेवी काढून घेत होते. बँकेंत ठेवलेल्या पैशाचें काय होतें, तो एकाच दिवशीं सर्वांस परत कां देतां येत नाहीं, उद्यांपासून कोणत्या बँका कशा उघडतील, हें त्यानें घरांतल्या वडील माणसानें सांगावें तशा साध्या भाषेंत सांगितलें. सुमारें ६ कोटी लोकांनीं तें ऐकलें असा अंदाज आहे. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडूं लागल्या, तेव्हां पैसे काढणाऱ्यांपेक्षां भरणाऱ्यांचीच रीघ अधिक लागली. वर्तमानपत्रांच्या मालकांपैकीं बहुसंख्य रूझवेल्टच्या विरुद्ध होते; त्यांना वळसा घालून थेट दिवाणखान्यांत शिरण्याची वाट त्याला नभोवाणीनें दिली. १९४४ पर्यंत त्यानें अशीं सुमारें ३० भाषणें केलीं, आणि उत्तरादाखल लोकांचीं लाखों पत्रें त्याच्याकडे आलीं.

मधला संपादक येथें दूर झाला खरा. परंतु साक्षीदार दूर झाले नाहींत. शेतकरी, सावकार, गिरणीवाला व बेकार मजूर या सर्वांनीं एकाच वेळीं एकच शब्द ऐकला. शिवाय एका उमेदवारास नभोवाणीवर वेळ दिला तर त्याच्या प्रतिस्पर्ध्यासही तशीच संधि द्यावी, असा नियम तेथें १९२७ च्या कायद्यांत होता व तो १९३४ च्या कायद्यांतही कायम राहिला.

त्याच १९३३ सालीं जर्मनींत काय घडलें, तेंही पाहणें अवश्य आहे. नाझी सरकारनें सामान्य कुटुंबास परवडेल असा ७६ मार्कांचा स्वस्त ‘लोकांचा रेडिओ’ बाजारांत आणविला. कारखान्यांत व चौकांत कर्णे लावून पुढाऱ्याचें भाषण सर्वांस एकत्र ऐकविण्याची व्यवस्था केली. १९३९ च्या सप्टेंबरांत परदेशी केंद्र ऐकणें हा गुन्हा ठरविण्यांत आला. यंत्र तेंच, थेट संपर्क तोच, आणि शेजारीं ऐकणारेही पुष्कळ. पण त्यांतील कोणासही उठून ‘हें खोटें आहे’ असें म्हणण्याची मुभा नव्हती. ज्याच्या तोंडावर हात ठेवला आहे तो साक्षीदार असून नसल्यासारखाच. तेव्हां शब्दास साक्षीदार पाहिजेत, आणि त्या साक्षीदारांस बोलण्याचें स्वातंत्र्यही पाहिजे.

हिंदुस्थानांत १९२७ च्या २३ जुलै रोजीं मुंबईस नियमित नभोवाणी सुरू झाली आणि १९३६ सालीं तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. गांधीजी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रांत आयुष्यांत एकदांच गेले. तो दिवस १२ नोव्हेंबर १९४७ हा होय. कुरुक्षेत्र येथें छावणींत राहिलेल्या निर्वासितांस भेटावयास जाणें शक्य नव्हतें, म्हणून त्यांनीं त्या बांधवांशीं तेथून भाषण केलें. त्यांत मतांची याचना नव्हती; दुःखितांशीं बोलावें हाच हेतु होता. पुढाऱ्यानें लोकांशीं संपर्क कशासाठीं साधावा, याचा तो एक आदर्श म्हणावा लागेल.

पुढें १९५१-५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. सुमारें १७ कोटी ३२ लाख मतदार, त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून पक्षांस चिन्हें देण्यांत आलीं. प्रचाराचा भार सभा, मिरवणुका, भिंतीवरील अक्षरें व घरोघर फिरणारा कार्यकर्ता यांनीं वाहिला. नभोवाणी सरकारच्या ताब्यांत होती, आणि राजकीय पक्षांस निवडणुकीच्या प्रचारासाठीं तिच्यावर वेळ मिळूं लागला तो १९७७ पासून. त्या व्यवस्थेंत भाषणाची संहिता आधीं दाखल करावी लागते. व्यक्तीवर हल्ला, धर्माची किंवा जातीची निंदा, न्यायालयाचा उपमर्द यांस त्यांत मज्जाव असतो. दरम्यान दूरचित्रवाणी आली. २६ सप्टेंबर १९६० रोजीं शिकागो येथें केनेडी व निक्सन यांचा पहिला वाद सुमारें ७ कोटी अमेरिकनांनीं पाहिला. मुद्द्याइतकेंच मुद्रेसही महत्त्व आलें, अशी तक्रार तेव्हांपासून होत आली आहे. तरी दोन्ही उमेदवार एकाच व्यासपीठावर होते आणि दोन्ही पक्षांचे लोक तेंच दृश्य पाहत होते.

आतां आपण आजच्या साधनांपाशीं येतों. फेसबुक २००४ सालीं, ट्विटर २००६ सालीं व व्हॉट्सॲप २००९ सालीं निघालें. २००८ च्या अमेरिकन निवडणुकींत ओबामाच्या मंडळींनीं या नव्या साधनांचा पद्धतशीर उपयोग केला. त्यांनीं सुमारें १ कोटी ३० लाख लोकांचे ई-मेल पत्ते जमविले आणि लहान लहान देणग्यांची मोठी गंगाजळी उभी केली. भारतांत २००९ सालीं शशी थरूर, नरेंद्र मोदी असे मोजके पुढारी ट्विटरवर आले. २०१४ च्या निवडणुकीपर्यंत लहानमोठ्या सर्व पक्षांनीं तिकडे धांव घेतली. १६ मे २०१४ रोजीं मोदी यांनीं आपल्या विजयाची वार्ता स्वतःच त्या माध्यमावर दिली. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरास, विजयादशमीच्या दिवशीं, त्यांनीं ‘मन की बात’ सुरू केली ती मात्र जुन्या नभोवाणीवरून, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. २०१६ च्या सप्टेंबरांत रिलायन्स जिओ बाजारांत उतरल्यावर इंटरनेट अतिशय स्वस्त झालें आणि खेड्यांतील तरुणाच्या हातीं चालतीं-बोलतीं चित्रें आलीं. पुढाऱ्यांची खरी धांदल त्यानंतरचीच.

या साधनांनीं मतदाराचें कल्याणही केलें आहे, हें प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. ग्लॅडस्टनच्या सभेंतील श्रोत्यास फार तर ओरडतां येई. रूझवेल्टच्या श्रोत्यास पत्र लिहितां येई. आजच्या मतदारास त्याच क्षणीं, सर्वांदेखत, प्रश्न विचारतां येतो. परदेशांत अडकलेल्या भारतीयांनीं ट्विटरवर केलेल्या विनवण्यांस परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज स्वतः उत्तर देत. रेल्वेमंत्री असतांना सुरेश प्रभु यांच्या खात्यानें धांवत्या गाडींतील प्रवाशांच्या अडचणी याच मार्गानें निवारल्या. ज्याच्यापाशीं मोठ्या सभेचा खर्च करण्यास पैसा नाहीं, ज्यास वर्तमानपत्रें जागा देत नाहींत, असा लहान उमेदवारही आज आपलें म्हणणें मांडूं शकतो. हा लाभ थोडा नव्हे.

मग बिघडलें कोठें? प्रथम मधल्या माणसाचा प्रश्न घेऊं. तो नाहींसा झाला, असें वरवर वाटतें. वस्तुतः त्याची जागा माध्यमाच्या मालक कंपनीनें घेतली आहे. कोणास कोणता मजकूर आधीं दिसावा, कोणता मागें पडावा, हें तिची गणनपद्धति, ज्याला अल्गोरिदम म्हणतात ती, ठरविते. मनुष्य पडद्यापाशीं अधिक वेळ खिळून राहावा, हा तिच्या धंद्याचा हेतु. शांत युक्तिवादापेक्षां राग व भय माणसास अधिक खिळवून ठेवतात, हें कोणत्याही कीर्तनकारास किंवा बाजारांतील विक्रेत्यास ठाऊक असतें. तेंच यंत्रासही उमगलें आहे. या कंपनीचें सामर्थ्य केवढें, हें ८ जानेवारी २०२१ रोजीं दिसून आलें. अमेरिकेचा अध्यक्ष अधिकारावर असतांनाच ट्विटरनें डोनाल्ड ट्रम्प यांचें खातें बंद केलें. आणि २०२२ सालीं मालक बदलतांच तें पुन्हां उघडलें. हे निर्णय योग्य कीं अयोग्य, हा वाद बाजूस ठेवूं. पुढारी व जनता यांच्यामधील दार उघडण्याचा व लावण्याचा अधिकार एका खाजगी मालकाकडे गेला, एवढें त्यांतून निःसंशय सिद्ध होतें.

याहून गंभीर बदल आपल्या दुसऱ्या प्रश्नाशीं संबद्ध आहे. समाजमाध्यमांतील जाहिरात वय, गांव, आवडनिवड पाहून निवडक लोकांसच दाखवितां येते. शेतकऱ्यास एक वचन, व्यापाऱ्यास त्याच्या उलट वचन, आणि दोघांसही एकमेकांच्या वचनाचा पत्ता नाहीं, असें करणें आतां शक्य झालें आहे. मार्च २०१८ मध्यें केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचें प्रकरण उघडकीस आलें. एका प्रश्नावलीच्या निमित्तानें सुमारें ८ कोटी ७० लाख फेसबुक सभासदांची माहिती गोळा होऊन राजकीय प्रचारासाठीं या कंपनीच्या हातीं गेली होती. तिच्यामुळें किती मतें फिरलीं, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु मतदारास न कळतां त्याचा स्वभाव तोलण्याचा उद्योग झाला, यांत संशय नाहीं. २०१९ सालीं अमेरिकन सरकारनें फेसबुकला ५०० कोटी डॉलर दंड केला.

व्हॉट्सॲपची रीत आणखी निराळी आहे. तेथें संदेश ओळखीच्या माणसाकडून येतो. मेहुणा, शेजारी, जुना वर्गबंधु यांनीं तो पुढें ढकललेला असतो. म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवतों. पण तो प्रथम कोणीं लिहिला? वर्तमानपत्रावर मुद्रकाचें नांव असे. या संदेशास आई ना बाप. अफवांमुळें माणसांचे जीव जाऊं लागले, तेव्हां जुलै २०१८ मध्यें त्या कंपनीनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं धाडण्यास प्रतिबंध घातला. त्यानंतर कृत्रिम आवाज व चित्रें करणारीं यंत्रें आलीं. फेब्रुवारी २०२० मध्यें दिल्लींत एका पक्षाच्या स्थानिक अध्यक्षांचें हिंदी भाषण यंत्राच्या साह्यानें इंग्रजी व हरियाणवी भाषांत, जणूं ते स्वतःच बोलत आहेत असें, प्रसृत करण्यांत आलें. जानेवारी २०२४ मध्यें अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर राज्यांत अध्यक्ष बायडन यांचा खोटा आवाज दूरध्वनीवरून मतदारांस घरीं राहण्याचा सल्ला देऊं लागला. त्या कृत्याबद्दल एका राजकीय सल्लागारास ६० लाख डॉलर दंड झाला. शब्दाचे साक्षीदार तर गेलेच, आतां त्याचा धनीही संशयास्पद झाला.

कोणी म्हणेल, पुढारी पूर्वीं काय सत्यवादी होते? एका गांवांत एक व दुसऱ्या गांवांत दुसरें, असें ते बोलत नव्हते काय? बोलत होते. गांवचा पाटील गठ्ठ्यानें मतें देववी आणि संपादकही पक्षपाती असत. परंतु प्रत्येक गांवांत त्या शब्दाचे शें-दोनशें साक्षीदार असत. आठवड्याच्या बाजारीं दोन गांवांचे लोक भेटत आणि लबाडी बाहेर पडे. शाळेंत उभी हयात काढलेल्या मजसारख्या माणसास हा भेद सहज समजतो. सबंध वर्गास दिलेलें वचन मास्तरास पाळावेंच लागतें, कारण चाळीस मुलांस तें पाठ असतें. एकाच मुलाच्या कानांत सांगितलेलें विसरणें फार सोपें. लोकशाहींत मत हें एका वचनाच्या बदल्यांत दिलें जातें. पांच वर्षांनीं त्या वचनाचा हिशेब मागावयाचा, तर तें सर्वांनीं मिळून ऐकलेलें असलें पाहिजे. ज्याच्या त्याच्या पडद्यावर क्षणभर चमकून गेलेल्या शब्दाचा हिशेब कोणी, कोणाकडे व कशाच्या आधारावर मागावा?

उपाय मुळींच नाहींत असें नाहीं. आपल्या निवडणूक आयोगानें २५ ऑक्टोबर २०१३ रोजींच उमेदवारांनीं आपलीं समाजमाध्यमांवरील खातीं जाहीर करावीं, तेथील राजकीय जाहिराती आधीं तपासून घ्याव्या व त्यांचा खर्च हिशेबांत दाखवावा, असा आदेश काढला. २०१९ च्या निवडणुकीपूर्वीं फेसबुकनें भारतांतील राजकीय जाहिरातींचें व त्यांचे पैसे भरणाऱ्यांचें दप्तर सर्वांस पाहण्यास खुलें केलें. मे २०२४ मध्यें आयोगानें पक्षांस बजावलें कीं, खोटा बनविलेला मजकूर नजरेस येतांच तीन तासांत काढून टाकावा. युरोपीय संघानें २०२४ सालीं राजकीय जाहिरातीवर तिचे पैसे कोणीं दिले, याची चिठ्ठी असलीच पाहिजे असा कायदा केला. या सर्व नियमांचा रोख एकच आहे : काळोखांत बोललेला शब्द उजेडांत आणावा, त्याला धनी व साक्षीदार मिळवून द्यावे.

तथापि आयोगाचा हात प्रत्येकाच्या खिशापर्यंत पोहोंचणार नाहीं. २०२४ सालीं या देशांत सुमारें ९७ कोटी मतदार नोंदलेले होते. तेथें खरा पहारा मतदारानेंच केला पाहिजे, आणि तो कठीणही नाहीं. मोबाइलवर आलेलें आश्वासन एकट्यानें वाचून मिटवूं नये. तें पारावर, ओट्यावर, जेवतांना चारचौघांत मोठ्यानें वाचावें. तुम्हांसही हेंच आलें काय, असें शेजाऱ्यास विचारावें. ज्या संदेशास धनी नाहीं तो पुढें धाडूं नये. आणि उमेदवार दारीं आला म्हणजे तो मजकूर त्याच्यापुढें धरून, हा शब्द तुमचा काय, असें सर्वांदेखत विचारावें. ‘केसरी’चा अंक एकानें वाचून दहांनीं ऐकण्याची रीत आपल्या आज्यापणज्यांनीं साक्षरतेच्या अभावीं पाडली होती. आज अक्षरओळख घरोघर पोहोंचली आहे. तरीही ती रीत पुन्हां पाडण्याची गरज उत्पन्न झाली आहे. कारण आपण सारे वाचूं लागलों, पण एकएकटे वाचूं लागलों. आणि एकट्यास दिलेलें वचन मोडण्यास पुढाऱ्यास फारसें धैर्य लागत नाहीं.